दुसरी सही

आमच्या लॅबमध्ये पहिल्यांदा येणारा माणूस दारातच नाक आक्रसतो. काकवी, ओला फिल्टर पेपर आणि जुनं लाकडी कपाट यांचा मिळून एक आंबूस गोड वास तिथे कायमचा मुक्कामाला आहे. मला तो येत नाही. सव्वीस वर्षांत माझ्या नाकानं तक्रार करणं सोडून दिलंय. मुलुंड पश्चिमेला, एलबीएस रोडच्या आतल्या बाजूला, जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या पहिल्या मजल्यावर आमचा गाळा आहे. खाली छापखाना, शेजारी रबरी वॉशर बनवणारा. समोर औषधांचा कारखाना होता, तिथे आता एवढा उंच टॉवर उभा आहे की दुपारी तीननंतर आमच्या खिडकीत ऊन येत नाही.

काम सांगायला सोपं आहे. साखर, गूळ, मळी, उसाचा रस, जे जे गोड ते आमच्याकडे येतं आणि नेमकं किती गोड याचा कागद घेऊन परत जातं. माझी आई मूळची मालवणकडची, सगळा जन्म गिरणीकामगाराच्या संसारात गेलेला. मी नोकरीला लागले तेव्हा तिनं विचारलं होतं, "साखर मोजूक पगार गावता तुका?" ती शेजारणींना सांगायची की मुलगी साखरेच्या गोदामात आहे. मी पुष्कळ समजावलं, मग नाद सोडला. तसंही तिचं फारसं चुकत नव्हतं.

त्या कागदावर खाली दोन सह्या असतात. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात अशाच एका कागदावरची दुसरी सही मी केली आणि बारा वर्षं जपलेला एक ऊस त्या सहीनं मेला. हे मी कुठे बोलत नाही. ऊस मेला म्हटल्यावर लोक हसतात, त्यात त्यांची चूक नाही.

लॅब आमच्या सरांची. त्यांनी साखर कारखान्यांत केमिस्ट म्हणून उमेदीची वर्षं काढली, मग मुंबईत येऊन हा गाळा घेतला. मी बीएस्सी होऊन वर्षभर घरी बसले होते, तेव्हा त्यांनी मला घेतलं आणि हाताला धरून सगळं शिकवलं. कडक माणूस, पण कधी कुणाचा अपमान केला नाही. मधुमेह त्यांना चाळिशीतच लागला. "साखरेनं घर चालवलं, आता साखर भाडं वसूल करतेय," असं ते म्हणायचे आणि बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायचे. सत्तरी उलटली तरी दहाला यायचे, चारला जायचे. रोजचं काम मीच बघायची.

दोन सह्यांची पद्धत त्यांची. मी लागले तेव्हा आमच्याकडे जुनं, डोळ्यानं वाचायचं पोलॅरिमीटर होतं. हातभर लांब, पितळी, एका टोकाला पिवळा दिवा, दुसऱ्या टोकाला आपला डोळा आणि मधे रसाची काचेची नळी. डोळा लावला की एक वाटोळी खिडकी दिसते, मधोमध दुभंगलेली. एक अर्धा उजळ, दुसरा काळपट. बाजूचा स्क्रू हळूहळू फिरवायचा. दोन्ही अर्धे सारखे झाले, मधली रेघ पुसली गेली, की हात थांबवायचा आणि पट्टीवरचा आकडा वाचायचा. त्या आकड्यावरून रसात साखर किती ते निघतं.

सर म्हणायचे, माणसाचा डोळा म्हणजे काही काटा नव्हे. तो थकतो, लाडावतो, त्याला जे हवं ते बघतो. म्हणून प्रत्येक नळी दोघांनी वाचायची. आकडा आपापल्या चिठ्ठीवर लिहायचा, तोंडानं उच्चारायचा नाही. मग दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर उघडायच्या. एका अंशाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त फरक निघाला तर कोण बरोबर यावर वाद घालायचा नाही, नळी पुन्हा भरायची. पहिल्या वर्षी तर मी एकेक नळी चार-चारदा भरली आहे आणि बाथरूममध्ये जाऊन रडले आहे. नंतर डिजिटल मशीन आलं. बटण दाबलं की पडद्यावर आकडा. आता दोघांनी वाचण्यासारखं काही राहिलं नाही, तरी सह्या दोनच राहिल्या. एक जण करायचा, दुसरा न बघताच करायचा. सवय अशी लागते.

आता जिनं तो ऊस जपला तिच्याबद्दल सांगते. घाटावरच्या एका लहानशा संशोधन केंद्रात ती उसाच्या नवीन जाती तयार करायची. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. पहिल्यांदा आली ती रात्रभर एसटीनं, मांडीवर बर्फाची पेटी घेऊन. पेटीत रसाच्या बाटल्या. कुरिअरवर तिचा विश्वास नव्हता. तिनंच मला सांगितलं की उसाला बी असतं. मी इतकी वर्षं उसाचा रस तपासत होते आणि हे मला माहीत नव्हतं! उसाला तुरा येतो, त्या तुऱ्यात धुळीसारखं बारीक बी. त्यातल्या प्रत्येक बियाचं रोप वेगळं निघतं, एकासारखं दुसरं नाही. हजारो रोपं ट्रेमध्ये वाढवायची, त्यातली बहुतेक फेकायची, उरलेली शेतात लावायची, पुन्हा बहुतेक फेकायची. असं वर्षानुवर्षं. शेवटी एखादी जात हाताला लागली तर लागली.

तिच्या हाताला एक लागली होती. सरकारी दप्तरात त्या जातीला नुसता नंबर होता, पण ती त्या उसाला बारक्या म्हणायची. ट्रेमध्ये तो सगळ्यांत खुरटा होता, फेकायच्या टोपलीत पडला होता, पाणी देणाऱ्या बाईनं उगाच उचलून परत लावला. ते बी पेरलं त्या वर्षी तिला मुलगी झाली. मुलगी आता सहावीत होती. खारवट जमिनीत, जिथे बाकीचे ऊस पिवळे पडून बसतात, तिथे बारक्या माणसाच्या डोक्याच्या वर वाढायचा आणि दहाव्या महिन्यातच गोड व्हायचा. नदीकाठची कितीतरी शेतं मिठानं फुटलेली आहेत, तिथल्या लोकांसाठी हा ऊस, असं ती सांगायची तेव्हा तिचा आवाज चढायचा. मला तिचा थोडा हेवा वाटायचा. मी आयुष्यभर दुसऱ्यांचं गोड मोजलं, हिनं स्वतःचं काहीतरी उगवलं होतं.

एकच पायरी राहिली होती. दहाव्या महिन्याला बारक्याच्या रसातली साखर प्रमाणित, म्हणजे तुलनेसाठी शेजारीच लावलेल्या नेहमीच्या जातीपेक्षा कमी भरता कामा नये, आणि ती बाहेरच्या लॅबनं तपासलेली हवी. कमी भरली तर समिती त्याला यादीतून काढणार. दुसरी संधी नाही, कारण केंद्राकडे जमीन थोडी आणि रांगेत उभ्या असलेल्या जाती पुष्कळ.

त्या नोव्हेंबरात ती दोन्ही जातींच्या रसाची पेटी घेऊन आली त्या दिवशी सकाळी मी शिशाची पूड घालून रस गाळून ठेवला. ती पूड विषारी, पण रस पाण्यासारखा स्वच्छ करते. रिवाजाप्रमाणे आधी प्रमाणित जातीच्या नळ्या मशीनवर लावल्या. त्या वाचून झाल्या, धुवायला टाकल्या. बारक्याची पहिली नळी आत ठेवली आणि मशीनचा पडदा काळा पडला. बटणं दाबली, वायर काढून लावली, थोबाडीत मारल्यासारखी एक चापटही दिली. मेलं ते मेलंच. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, बोर्ड गेलाय, तीन आठवडे लागतील.

पांढरी साखर असती तर थांबता आलं असतं. रस थांबत नाही. संध्याकाळपर्यंत त्यातली साखर फुटायला लागते, आणि दुसरी लॅब दिवसभराच्या वाटेवर होती. ती बाहेर बाकड्यावर बसली होती, डबा उघडून न खाता. तिला परत जाऊन पुन्हा ऊस तोडून आणायला सांगता आलं असतं, पण मशीन दुरुस्त होईतोवर दहावा महिना उलटला असता.

सर म्हणाले, "कपाटातलं काढ."

जुनं पोलॅरिमीटर मीच पुसलं. पिवळा दिवा लागला तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मला अजून आठवतो. मी म्हटलं, "सर, शून्य तपासून घेऊ. आणि ती क्वार्ट्झची चकती लावून बघू." ती चकती म्हणजे ठरलेल्या आकड्याची काचेसारखी तबकडी, तिचा आकडा बरोबर आला की यंत्र बरोबर.

"याचं शून्य मी लावलंय," सर म्हणाले. "ते हलत नाही. रस तापतोय, बस लवकर. दोघं वाचू."

हे ऐकून मी पुढे बोलले नाही. प्रमाणित जातीचा रसही पुन्हा गाळून या यंत्रावर वाचायला हवा होता, म्हणजे दोन्ही एकाच डोळ्यानं तोलले गेले असते. तेही सुचलं होतं. पण नळ्या धुवून झाल्या होत्या, ती बाहेर घड्याळ बघत होती, आणि ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांनाच काम शिकवायचं का, असंही वाटलं.

सरांनी पहिली नळी वाचली. पुष्कळ वेळ घेतला. वयाबरोबर त्यांना पुटपुटायची सवय लागली होती. चिठ्ठीवर लिहिता लिहिता ते म्हणाले, "बासष्ट पूर्णांक चार." मग उठले आणि मी बसले.

मी डोळा लावला. सरांनी स्क्रू जिथे सोडला होता तिथे दोन्ही अर्धे सारखे नव्हते. डावा सरळ सरळ उजळ होता. तीस पावलांवरून दिसावा असा. मी स्क्रू फिरवून ते जुळवले आणि वाचलं. त्रेसष्ट पूर्णांक नऊ. दीड अंशाचा फरक. मी डोळे चोळले, पुन्हा बघितलं. पुन्हा तेवढंच. चिठ्ठीवर मी त्रेसष्ट लिहिलं आणि थांबले.

"सर, मला जरा..."

"काय? किती आलं?"

आता इथे खोटं सांगायला मला जागा नाही. ते चिडले नाहीत. त्यांनी घाई केली नाही. पुढे झुकून, माझ्याकडे कान करून, त्यांनी नीट विचारलं होतं. आणि मी त्या एका क्षणात भराभर विचार केला की मी हे यंत्र गेल्या पंधरा वर्षांत हाताळलेलं नाही, यांच्या डोळ्याची अख्ख्या साखर धंद्यात ख्याती आहे, चुकलं असेल तर माझंच चुकलं असेल, आणि नसेल तरी या वयात, या दिवशी, एवढ्या आनंदात असताना त्यांना कोण सांगणार. मी त्रेसष्टवर रेघ ओढली.

"काही नाही सर. जुळलं. बासष्ट चार."

याला आपल्याकडे आदर म्हणतात. मला हल्ली तो शब्द ऐकला की राग येतो.

पुढच्या सगळ्या नळ्या तशाच झाल्या. सर वाचायचे, पुटपुटायचे, मी डोळा टेकवायची आणि त्यांच्या आकड्याच्या एखादा शतांश इकडेतिकडे लिहायची, म्हणजे नक्कल वाटू नये. कॉपी करणाऱ्या पोरांची अक्कल मला त्या वयात आली. संध्याकाळी कागद टाइप झाला. पहिली सही सरांची, दुसरी माझी. ती कागद हातात घेऊन उभी राहिली. प्रमाणित जात मशीनवर त्रेसष्ट दोन होती. बारक्या बासष्ट आणि थोडं.

"कमी भरला," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "ताई, काही चूक नसेल ना?"

"दोघांनी वाचलंय," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. रिकामी पेटी उचलली. चेकनाक्यापर्यंत रिक्षा मिळेल का विचारलं. मी खाली जाऊन तिला रिक्षा थांबवून दिली, तेवढं सौजन्य माझ्याकडे होतं.

मशीन दुरुस्त होऊन येईपर्यंत तीन आठवडे आम्ही गुळाचे आणि मळीचे नमुने त्याच जुन्या यंत्रावर वाचले. पांढऱ्या साखरेचे सगळे नमुने मी दुसऱ्या लॅबकडे पाठवले होते. पांढरी साखर किती भरायला हवी हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ती एकदा जरी वाचली असती तरी त्याच दिवशी चोरी उघडी पडली असती. गुळाचं तसं नसतं. गूळ कितीही भरू शकतो. रोज सर वाचायचे आणि रोज मी "जुळलं" म्हणायची. चौथ्या दिवसापासून मी डोळाही नीट लावत नव्हते. सर मात्र त्या दिवसांत फार खूश असायचे. जिना चढताना जुन्या कारखान्यांच्या गमती सांगायचे.

मशीन आलं त्याच आठवड्यात एका सकाळी काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, फोन आला. सर उठले तेव्हा उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा होता. घाटकोपरच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासलं. साखरेमुळे आत रक्त उतरलं होतं, आजचं नाही, कित्येक महिन्यांचं. पडदा सुटलाय. डावा डोळा आधीच अधू होता. "मला कधी बोलले नाहीत गं," काकू म्हणाल्या, आणि फोनवरच रडायला लागल्या.

मी फोन ठेवला, लॅबचं दार आतून लावलं आणि जुन्या यंत्रात क्वार्ट्झची चकती बसवली. माझ्या डोळ्यानं वाचली. आकडा अचूक आला, चकतीवर कोरला होता तोच. यंत्राचं शून्य खरोखरच हललं नव्हतं. सरांनी ते चांगल्या डोळ्यानं लावलं होतं आणि आजारी डोळ्यानं वाचलं होतं. माझा त्रेसष्ट पूर्णांक नऊ बरोबर होता. बारक्या पास होता.

त्या क्षणी मी फोन करायला हवा होता. नंबर मोबाइलमध्ये होता. मी केला नाही. पहिल्या दिवशी वाटलं, सरांचं ऑपरेशन होऊ दे. तिसऱ्या दिवशी वाटलं, हे बाहेर कळलं तर गिऱ्हाइकं जातील आणि चाळीस वर्षांचं नाव मातीत जाईल. पाचव्या दिवशी मी कबूल केलं की मला सरांच्या नावाची नाही, माझ्या सहीची काळजी आहे. आमच्या गुळाच्या व्यापाऱ्यांनाही कळवायला हवं होतं, तेही राहिलं. मी रोज ऑफिसला जायची, मशीनचं बटण दाबायची, घरी येऊन भाजी चिरायची. मूग गिळून बसणं म्हणतात ते मी आठ दिवस केलं. आईनं एके संध्याकाळी मला पकडलंच. मी सगळं सांगितलं. तिला पोलॅरिमीटर काय कळणार, पण बाकीचं बरोबर कळलं.

"सांगून टाक गो," ती म्हणाली. "उद्या त्या चेडवाक तोंड दाखवूक होया मा?"

नवव्या दिवशी सकाळी मी फोन लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी भराभर बोलले, घोकून ठेवलं होतं ते. सरांचा डोळा गेलेला होता, आकडे चुकले, रिपोर्ट मागे घेतोय, समितीला आम्ही लेखी कळवतो, तुम्ही पुन्हा नमुना पाठवा, पैसे नको.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, परवा रोटर फिरवला त्या प्लॉटवर."

"एखादं बेट तरी राहिलं असेल? बांधाला? दुसऱ्या शेतात?"

"नाकारलेला ऊस ठेवायचा नसतो ताई. दुसऱ्या जातीत मिसळतो म्हणून. शेवटचं कांडंसुद्धा उपटायचं, नियम आहे. मी स्वतः उभी राहून उपटून घेतलं." मग तिनं विचारलं, "तुम्ही म्हणालात ना, दोघांनी वाचलंय. सरांचा डोळा गेला होता. तुमचा?"

मी म्हटलं, "माझा चांगला होता."

"मग तुम्हाला किती आला होता?"

"त्रेसष्ट नऊ."

तिनं मनात वजाबाकी केली असणार. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "बरं," ती म्हणाली, "ठेवते. माणसं थांबलीत." त्यानंतर तिचा एकही नमुना आमच्याकडे आला नाही. केंद्राचे येतात, पण दुसऱ्या कुणाच्या सहीनं. ती तिथे आहे की नाही हे विचारायची मला हिंमत झालेली नाही. बारक्यासारखा दुसरा निघणार नाही. त्याच आईबापांचं बी पुन्हा पेरलं तरी निघणार नाही, असं तिनंच मला शिकवलं होतं.

समितीला पत्र मी पाठवलं. त्यात दोष सगळा "वाचनातील त्रुटी" या दोन शब्दांवर ढकलला. गुळाच्या व्यापाऱ्यांना एकेक फोन केले; ते दोन दिवस ओरडले आणि विसरले. राहिले सर. त्यांना सांगायला मी आणखी दोन महिने घेतले. तोवर ऑपरेशनं दोन झाली होती. एका दुपारी मी स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला त्यांच्या घरी गेले.

ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. पावलांवरून मला ओळखलं. काकूंनी चहा टाकला. मी सगळं सांगितलं: चकती, त्रेसष्ट नऊ, ती रेघ, तिचा फोन, रोटर. मी वाट बघत होते की ते स्वतःला दोष देतील आणि मग मी म्हणेन, नाही हो सर, तुमचा काय दोष. येताना वाटेत मी ते वाक्यसुद्धा ठरवलं होतं.

सरांनी चेहरा माझ्या दिशेनं वळवला. मग म्हणाले, "तुला दिसलं होतं?"

"हो सर."

"पहिल्याच नळीला?"

"हो."

"अगं, मला दिसत नव्हतं हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "गणपतीपासून एक डाग होता मधोमध. म्हणून तर तुला बसवलं मी. मुद्दाम. म्हटलं, माझं चुकलं तर ही पकडेल. तू अडखळलीस ना, तेव्हा मी कान टवकारले होते. म्हटलं, आता सांगणार. आणि तू म्हणालीस, जुळलं." त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर काहीतरी शोधल्यासारखा फिरत होता. "मला काय आनंद झाला होता तुला सांगू. हिला न सांगता डोळ्याच्या डॉक्टरची तारीख घेतली होती, ती रद्द केली; म्हटलं, माझा डोळा शाबूत आहे. रोज वाटायचं, आज फरक निघेल. रोज तू म्हणायचीस, जुळलं. तीन आठवडे."

आतून काकूंच्या हातातल्या कपांचा आवाज थांबला होता. त्यांनी सगळं ऐकलं असणार. माझं ठरवलेलं वाक्य माझ्याजवळच राहिलं. माफी मागावी तर कशाची मागायची हेही सुचेना, उसाची की डोळ्याची. मी चहा न घेताच उठले. सरांनी थांब म्हटलं नाही, पण मी दाराशी चपला घालत होते तेव्हा ते नेहमीच्या आवाजात, काळजीनं म्हणाले,

"जिन्यातला दिवा लावून जा गं. अंधार पडलाय."

दुपारचे चार वाजले होते. त्यांच्या तोंडावर ऊन होतं. मी म्हटलं, "हो सर, लावते."